मी सांगितलं तरी नाही

४ जून

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा खोकला आणि आईची बडबड, दोन्ही पूर्वीइतकंच. काम माझं आहे, आणि तुझा नियम मला पाठ आहे: कमांड कानाने घ्यायची नाही, डोळ्यांनी घ्यायची. फोनवर एकाने स्लॅश सांगितला आणि दुसऱ्याने उलटा मारला की काय होतं, हे तू मला शाळेत असल्यापासून ऐकवत आलीयेस. म्हणून फोन न उचलता लिहायला बसले.

तुझ्या खुर्चीवर बसून मला तीन महिने झाले. अंध मुलांची पुस्तकं काढणारा आपला छापखाना तू सोडून गेलीस तसाच आहे, जिन्याची तिसरी पायरीसुद्धा अजून हलते. तुझा जुना कॉम्प्युटरही तोच. तो ठोकयंत्राला अक्षरं पुरवतो, यंत्र जस्ताच्या पत्र्यावर ब्रेलची टिंबं ठोकतं, आणि पत्र्यावरून कागदावर पुस्तक उठतं. इथपर्यंत मला जमतं. पण गेल्या सोमवारपासून कॉम्प्युटरच्या पोटातून खरखर येतेय, फरशीवर वाळू असताना कुणी खुर्ची ओढावी तशी. मिस्त्री आला, कान लावून ऐकलं आणि तोंड लांब करून म्हणाला, आतली डिस्क फार तर महिना काढेल.

त्या डिस्कवर चारशे बारा पुस्तकं आहेत. बावीस वर्षं तू बसून टाइप केलेली. दुसरीकडे त्यांची प्रत नाही. फ्लॉप्यांना बुरशी लागलीय आणि जुने पत्रे जागा नाही म्हणून कधीच मोडीत गेले. डिस्क गेली तर सगळं पहिल्या अक्षरापासून पुन्हा. त्यात दहावीचं इतिहासाचं पुस्तक जुलैच्या मध्यापर्यंत मुलांच्या हातात द्यायचंय. साहेब येता-जाता म्हणतात, "काहीतरी करा बुवा." ते काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नाही.

मला माउस फिरवून काम करायची सवय. इथे माउसच नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि समोर मी. काल तिच्याकडे पाऊण तास बघत बसले. शेवटी मीच नजर वळवली.

काय करू, ते सविस्तर लिही. लवकर लिही.

तुझी भाची

९ जून

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा हसू आलं. पाऊण तास बसलीस म्हणून काय सांगतेस? मी पहिल्या दिवशी अख्खी सकाळ बसले होते.

ऐक. मशीन खोक्यातून निघालं तेव्हा ते बसवणारा माणूस तासाभरात गाशा गुंडाळून गेला. जाताना म्हणाला, वापरायचं पुस्तक टपालाने येईल. ते आजतागायत यायचंय. मी साधी टायपिस्ट. दार लावून घेतलं, कारण कुणी बघितलं असतं तर लाज गेली असती. रेघ लुकलुकत होती. मी टाइप केलं, चालू हो. तो म्हणाला, चुकीची आज्ञा. मी लिहिलं, माफ करा. चुकीची आज्ञा! मी माझं नाव लिहिलं, तेही चुकीचं निघालं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं बघ. शेवटी हात टेकले आणि इंग्रजीत चार अक्षरं दाबली. हेल्प. म्हणजे मदत मागितली, दुसरं काही सुचलंच नाही.

आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरला. त्याला जे जे येतं ते सगळं त्याने ओळीने मांडलं. कुठल्या शब्दाने काय होतं, काय पुसतं, काय टिकतं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, खुर्ची मागे पडली. इतकी ताकद अंगात असलेलं ते यंत्र, आणि नुसतं विचारल्यावर आपलं सगळं गुपित सांगून मोकळं! माणसं एवढी सरळ नसतात. तेच मी शंभरदा विचारलं, शंभरदा त्याच आवाजात सांगितलं. एकदाही "काल सांगितलं ना" म्हणालं नाही. इतका संयम मी आमच्या आईतही बघितला नव्हता, आणि ती फार संयमी होती.

तेव्हा मला विचारायच्या आधी त्याला विचार. आत्यापेक्षा तो शहाणा आहे. माझी शिस्त एवढीच: कमांड लिहायची, एंटरवरचं बोट उचलायचं, हेल्पमध्ये ती काय करते ते मोठ्याने वाचायचं आणि मगच एंटर. दर वेळी. येत असली तरी. कानाला खडा लावून घे.

रोज थोडं वाच, धडा वाचतात तसं. मग मला कळव.

दादाचा खोकला कसा आहे?

आत्या

१६ जून

आत्या,

वाचतेय! मंगळवारी सकाळी छापखाना उघडायच्या आधी आले, दार लावलं आणि तुझ्यासारखी चार अक्षरं दाबली. खरं सांगू, मी हसायच्या तयारीने बसले होते. आमच्या मोबाइलमध्ये याच्या हजारपट अक्कल आहे, म्हटलं हे काय सांगणार. पण तो पडदा भरत गेला आणि हसायचं राहूनच गेलं. ना चित्र, ना रंग, ना "तुम्हाला हे आवडेल" म्हणून गळ्यात पडणं. हे लिहिलं तर हे होईल. हे लिहिलं तर हे पुसलं जाईल. एवढंच. इतक्या सरळपणे माझ्याशी आजवर कुणी बोललं नाहीये. बाबासुद्धा नाहीत.

आणि मग मला तू सापडलीस.

बी खाली सी च्या ओळी, सी खाली डी च्या, असं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने वाचत होते. इंग्रजी ओळ, तिच्याखाली पुन्हा इंग्रजी अक्षरं, पण जुळवून बघितलं तर आपली भाषा! मी मोठ्याने वाचलं. कॉपीच्या खाली: "मूळ जागच्या जागी राहतं. दोन झाले की मग श्वास सोड." डिरच्या खाली: "नुसतं बघणं. बघायला परवानगी लागत नाही. आळस करू नये." डेलच्या खाली: "पुसतो. विचारत नाही. आधी डिर, मग पाणी पी, मग बघ अजून पुसायचंय का." पडदा साफ करायच्या कमांडखाली: "आत काही बदलत नाही. वैताग आला की वापर." मी खो खो हसले. प्रूफ तपासणारे आपले मास्तर पत्र्यावरून बोटं फिरवत होते, म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं, आत्या या यंत्रात राहतेय. ते म्हणाले, "मग, नाहीतर कुठे राहील?"

त्याच्या पुस्तकात आपल्या ओळी घालता येतात, हे मला माहीतच नव्हतं. मिस्त्री म्हणाला, ती यादी म्हणजे साधा मजकूर असतो, हवं त्याने हवं ते लिहावं. पण कुणी लिहितं का? तू लिहिलंस. मी ई च्या कमांडपर्यंत आलेय, पुढचं मुद्दाम पुरवून पुरवून वाचणार.

आता कामाचं. मिस्त्रीने नवीन डिस्क आत बसवलीय. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सी, आपली पुस्तकं आहेत ती डी, आणि ही नवी कोरी ई. तिला आधी तयार करावं लागतं म्हणे, मग पुस्तकं तिच्यावर उतरवायची. खरखर वाढलीय. क्रमाने पायऱ्या लिहून दे, मी तशाच करते. माझी पाचावर धारण बसलीय.

भाची

२२ जून

पोरी,

घाबरायचं कारण नाही. पायऱ्या देते, अशाच्या अशा कर.

पहिल्यांदा नवी डिस्क तयार करायची. त्यासाठी लिही फॉरमॅट, मग डी, मग दोन टिंबं. तो विचारेल, डी वरचं सगळं जाईल, चालेल का? नव्या डिस्कवर काही नसतंच, तेव्हा बिनधास्त हो म्हण. डी तयार झाली की तो तसं सांगेल. मग एक्सकॉपी ही कमांड, ती फोल्डरच्या पोटातली फोल्डरंही उचलते. सगळी पुस्तकं डी वर उतरव. शेवटी डिर करून दोन्हीकडचा आकडा जुळव. वेगळ्या कागदावर अक्षरन् अक्षर लिहून दिलंय, तो कागद पडद्याला चिकटव.

तुला एक सांगायचं राहिलं. मशीन पहिल्यांदा आलं ना, तेव्हा ते बसवणारा माणूस तासाभरात निघून गेला. मी दार लावून घेतलं. त्याला म्हटलं चालू हो, तर म्हणे चुकीची आज्ञा. शेवटी हेल्प लिहिलं आणि पडदा असा भरला की मी उठून उभी राहिले. खुर्ची पडली मागे. एवढं मोठं यंत्र आणि कसलं म्हणून लपवणं नाही. तूही एकदा हेल्प लिहून बघ, गंमत वाटेल.

दादाचा खोकला कसा आहे?

आत्या

२८ जून

आत्या,

तू म्हणजे कमाल आहेस! वाकून नमस्कार करते.

शनिवारी सकाळी तुझा कागद चिकटवला आणि बसले. मास्तर शेजारी, साहेब दारात. फॉरमॅट लिहिलं, डी लिहिलं, दोन टिंबं दिली. बोट एंटरवर. तुझं पत्र असल्यावर हेल्प कशाला बघायचं, असं मनात आलंही होतं. पण कानाला खडा लावलेला. बोट उचललं, ओळ पुसली, हेल्प उघडलं आणि एफवर गेले. मी अजून तिथपर्यंत वाचलं नव्हतं. मोठ्याने वाचायला लागले.

"फॉरमॅट. सगळं पुसतं. परत येत नाही. डी वर कधीही नाही. सगळी पुस्तकं डी वर आहेत. कुणी सांगितलं तरी नाही. मी सांगितलं तरी नाही."

तुझा कागद पुन्हा बघितला. एकदा नाही, तीनदा डी लिहिलंयस! चुकून तीनदा लिहीत नाही कुणी. आणि मग डोक्यात उजेड पडला. परीक्षा घेतलीस ना माझी? पोरगी पत्रावर विश्वास ठेवते की शिस्तीवर, ते बघायचं होतं! किती वर्षांपूर्वी तू ती ओळ घालून ठेवलीस, आणि आज मला नेमकं तिच्या समोर आणून उभं केलंस. मला तर काही क्षण असं वाटलं की तू खोलीतच आहेस, मागे उभी राहून माझ्या बोटाकडे बघतेयस. साहेबांना काहीच कळलं नाही, ते म्हणाले, "नेटवर्क गेलं का?"

मग ई तयार केली. एक्सकॉपी दिली. आत्या, तू हे बघितलंयस का कधी? एकेक फाइलीचं नाव खालून येतं, वर सरकतं आणि जातं. विज्ञान चौथी. गणित सातवी. गोष्टी भाग दोन. पावणेतीन तास. तुझी बावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून ओळीने वर चालली होती आणि मला उठावंसंच वाटेना. मास्तरांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला होता. मध्येच म्हणाले, "अजून जातंय. हाताला लागतंय." शेवटी आकडा आला. इकडे चारशे बारा, तिकडे चारशे बारा. माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी डोळे पुसले, मी नाही, मी नुसतं नाक पुसलं.

बाबांचा खोकला बरा आहे, दुसऱ्यांदा विचारतेस. आणि पहिल्या दिवसाची गोष्ट तू आदल्याच पत्रात सांगितली होतीस. म्हातारी झालीस की काय!

तुझी पास झालेली भाची

३ जुलै

पोरी,

हो. परीक्षाच होती. पास झालीस.

जुनी डिस्क जपून ठेव. आता पत्रांत वेळ घालवू नकोस, इतिहासाचं पुस्तक काढ.

आत्या

१५ जुलै

आत्या,

इतिहास छापून झाला. काल गठ्ठे गेले. पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही.

तुझं तीन ओळींचं पत्र आलं तेव्हा वाटलं, रागावलीस. मास्तरांना सांगितलं, आत्याने कशी झकास परीक्षा घेतली आणि आता रुसून बसलीय. ते हसले नाहीत. हातातला पत्रा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुला भूगोलाचं सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नाही."

सहावीचा भूगोल. जुन्या प्रतीत त्रेचाळिसाव्या पानावर एका नदीच्या नावातलं एक टिंब उडालेलं होतं. मास्तर तुला दरवर्षी सांगायचे आणि तू म्हणायचीस, पुढच्या खेपेला बघू. तू निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी नवे पत्रे आले, आणि ते टिंब जागेवर होतं. त्यांनी पुढे वाचलं. आणखी सहा जुन्या चुका गायब, आणि तीन नव्या झालेल्या. एक टिंब दुरुस्त केलं तर बाकीच्या चुका जात नाहीत, म्हणाले. सगळं पुस्तक नव्याने टाइप झाल्याशिवाय असं होत नाही. तेव्हा त्यांना आठवलं की त्या महिन्यात तू एकोणीस दिवस सगळ्यांच्या आधी येत होतीस आणि सगळ्यांच्या नंतर जात होतीस. "तिच्या हातून पुस्तक पुसलं गेलं होतं," म्हणाले, "आणि तिने ते कुणाला न कळू देता परत उभं केलं. बोटांना कळलं, पण बोटांना तोंड नसतं."

मी घरी येऊन तुझी सगळी पत्रं टेबलावर मांडली. पहिल्या दिवसाची गोष्ट दोनदा. खोकला दोनदा. त्यात पहिल्याच पत्रात मी खोकल्याचं कळवलेलं होतं. एकदा हेल्प लिहून बघ म्हणालीस, मी पानभर हेल्पबद्दलच लिहिलेलं असताना. आणि मी काय केलं? म्हातारी झालीस की काय म्हणून टिंगल केली. मला माझीच लाज वाटतेय.

आत्या, ती परीक्षा नव्हती ना? आणि फॉरमॅटखालची ओळ माझ्यासाठी नव्हती ना?

भाची

२४ जुलै

पोरी,

मास्तरांना सांग, बोटांना तोंड नसलं तरी मन आहे, हे मला ठाऊक होतं. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत, आता तू मान.

नव्हती परीक्षा. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, चला, पोरीने आपल्याला पळवाट दिली, घ्यावी. घेतली. आणि मग चार दिवस घास उतरेना. तुझी शपथ, तो कागद लिहिताना डी हीच नवी डिस्क आहे याची मला खात्री होती. शंका आली असती तर विचारलं असतं. भीती त्याचीच आहे ना. शंका येत नाही.

सुरुवात भूगोलापासून. डेल लिहिलं, एंटर दाबलं आणि समजलं की आपण प्रत काढलीच नाही. मला वाटत होतं काढलीय. काढल्याचं आठवत होतं, खुर्ची, दुपार, सगळं. त्या दिवशी मी पुन्हा त्या यंत्राकडे हेल्प मागितली. तोच पडदा, त्याच ओळी, पहिल्या दिवशी होता तसाच. माझ्या डोक्यातलं हलायला लागलं होतं, त्याचं तसूभर हललं नव्हतं. मी बघतच राहिले. मग म्हटलं, जे आपल्याला अजून येतं ते आत्ताच याच्याजवळ ठेवून द्यावं. मी मला विसरले तरी हा विसरणार नाही. म्हणून त्या ओळी लिहिल्या. कॉपीच्या, डिरच्या गमतीने लिहिल्या. फॉरमॅटची मात्र गंमत नव्हती. मला माहीत होतं की एक दिवस कुणीतरी येऊन चुकीचं सांगेल आणि ती मीच असेन.

गुडघे दुखतात म्हणून नोकरी सोडली, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे अजून झकास आहेत. फोन टाळते, कारण फोनवर उत्तर लगेच द्यावं लागतं. पत्राला आठ दिवस मिळतात. मी आधी कच्चं लिहिते, तुझं पत्र शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवते. तरी खोकला दोनदा आला बघ.

गेल्या आठवड्यात दुधाचं पातेलं जळून काळं झालं. शेजारीण वेळेवर आली. किल्ली दोनदा बाहेर राहिली.

दादाला सांगू नकोस. तो प्रेमाने उचलून नेईल, मला तुमच्या पुढच्या खोलीत बसवेल आणि माझ्या हातातला कप काढून घेईल. हे घर माझं आहे, यातली प्रत्येक वस्तू मी ठेवलीय. आणखी थोडे दिवस मला इथे माझी मी राहू दे. एवढंच मागते.

आत्या

५ ऑगस्ट

आत्या,

बाबांना सांगितलं. रागाव, हवं तर पुढच्या पत्रात शिव्या दे. पण मी फॉरमॅटच्या आधी हेल्प बघणारी पोरगी आहे, एकटीच्या भरवशावर एंटर दाबायची नाही. ते ऐकून बाबा बराच वेळ खोकलेच नाहीत. मग तुझं पत्र मागितलं, कपापर्यंत वाचलं आणि म्हणाले, "नाही काढून घेणार. लिही तिला." रविवारी आम्ही दोघं येतोय. डॉक्टरांकडे जायचं, मग परत तुझ्याच घरी. शेजारणीशी मी फोनवर बोललेय, ती सकाळ-संध्याकाळ डोकावेल. बाबा दर पंधरा दिवसांनी मुक्कामाला येणार. पुढचं पुढे बघू, आणि जे ठरवायचं ते तुझ्यासमोर ठरवू.

सोबत हिरवी फाइल पाठवतेय. मी आणि मास्तरांनी बसून केली. वर नुसतं "मदत" लिहिलंय. नमुना म्हणून एक पान इथे उतरवते.

"गॅस. काय करतो: तापवतो. कसा वापरायचा: पातेलं ठेव, पेटव, तिथेच उभी राहा. सूचना: दाराची बेल वाजली तर आधी बंद, मग दार. दूध पुसलं जातं, परत येत नाही."

किल्ली, औषधं, बँक, शेजारीण, दादा, सगळ्यांची पानं आहेत, बाराखडीच्या क्रमाने. भाचीचं पान आहे. "भाची. काय करते: उत्तर देते. कशी वापरायची: कधीही. सूचना: शंभरदा विचारलं तरी चालतं." मास्तर म्हणाले, पानांना कोपऱ्यात टिंबं उठवू, चष्मा सापडला नाही तरी बोटाला पान सापडेल. तुला ब्रेल बोटांनी येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. मला वाटायचं तुला नुसतं टाइप करता येतं. बावीस वर्षं तू डोळे मिटून आपलीच पुस्तकं तपासत होतीस म्हणे! आणखी काय काय लपवून ठेवलंयस?

भाची

२० ऑगस्ट

पोरी,

शिव्या द्यायच्या होत्या, पण दादाने येताना इतका शहाण्यासारखा चेहरा केला होता की राग टिकेना. डॉक्टर बरे वाटले. हळू बोलतात. औषध सुरू केलंय, औषधाच्या पानावर रोज खूण करते.

फाइल स्वयंपाकघरात खुंटीला टांगलीय. पहिल्या दिवशी मी ती उघडली आणि काय सांगू तुला, उठून उभीच राहिले. माझं घर मला ओळीने समोर मांडून ठेवलेलं. किल्ली कुठे, दूध कसं, दादा कधी येणार. काल दुपारी गॅसजवळ गेले आणि पुढचं काही सुचेना. फाइलीत ग काढला, मोठ्याने वाचला, चहा केला. दोन कप केला, शेजारणीला बोलावलं. चांगला झाला होता.

एक पान कमी होतं, मी घातलंय. आ मध्ये. "आत्या. काय करते: विसरते. कशी वापरायची: हळू. सूचना: काल सांगितलं ना, असं म्हणू नये." तुझ्याजवळही एक प्रत राहू दे.

आणखी एक गंमत सांगायची आहे. मशीन खोक्यातून निघालं तो दिवस. बसवणारा माणूस तासाभरात गेला. आपण दोघींनी दार लावून घेतलं, आठवतं? तू माझ्या शेजारी उभी होतीस, तुझा हात खुर्चीच्या पाठीवर होता. मी लिहिलं चालू हो, तर तो चुकीची आज्ञा म्हणाला आणि तू हसायला लागलीस. मग तूच म्हणालीस, आत्या, मदत माग ना त्याच्याकडे. मी मागितली. पडदा भरत गेला आणि आपण दोघी बघत राहिलो. तू नसतीस तर मला सुचलं नसतं.

दादाचा खोकला कसा आहे?

आत्या

२५ ऑगस्ट

आत्या,

बाबांचा खोकला बरा आहे. विचारलंस, त्यांना छान वाटलं.

आ चं पान मी छापखान्यातल्या यंत्रात घातलं, तुझ्या ओळींच्या शेजारी. मास्तरांना वाचून दाखवलं. नवी डिस्क अगदी गुपचूप चालते, आता मला त्या खरखरीची आठवण येते.

एक विचारायचं होतं. मशीन पहिल्यांदा खोक्यातून निघालं तेव्हा काय झालं होतं गं? काळा पडदा, ती रेघ आणि आपण दोघी. मला नीट माहीत नाही. सविस्तर लिहून पाठव, मी वाट बघते.

तुझी भाची